बाभूळ आणि शेळ्या-मेंढ्या यांचे परस्परावलंबन

बाभूळ (शास्त्रीय नाव: व्हॅचेलिया निलोटिका, पूर्वीचे नाव: अकेशिया निलोटिका) हा वृक्ष आणि तिच्या शेंगा खाणारे रवंथ करणारे प्राणी, विशेषतः शेळ्या व मेंढ्या, यांच्यात अन्न आणि बीजप्रसार यांच्या देवाणघेवाणीचा संबंध आहे. चारा दुर्मिळ झालेल्या उन्हाळ्यात बाभूळ जनावरांना पौष्टिक शेंगा पुरवते. जनावरे त्या शेंगांतील टणक बिया मूळ झाडापासून दूर नेऊन टाकतात. हा संबंध महाराष्ट्रातील पर्जन्यछायेच्या प्रदेशात सर्वत्र आढळतो. पुणे जिल्ह्याच्या दौंड आणि शिरूर तालुक्यांतील माळराने, गायराने, ओढ्यांचे काठ आणि शेतांचे बांध येथे तो ठळकपणे दिसतो. ज्या शेळीमुळे बाभळीचे बी पसरते तीच शेळी बाभळीचे कोवळे रोप खाते, त्यामुळे हा संबंध केवळ परस्पर उपकाराचा मानता येत नाही.

खार-ओक संबंधाशी तुलना

वृक्ष आणि बीजवाहक प्राणी यांच्या परस्परावलंबनाचे उदाहरण म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत खार आणि ओक यांची जोडी दिली जाते. उत्तर अमेरिका व युरोपातील खारी हिवाळ्याच्या तरतुदीसाठी ओकची फळे एकेक करून जमिनीत पुरतात. त्यांतील काही त्यांना पुन्हा सापडत नाहीत, किंवा ती उकरण्यापूर्वीच खार मरते, आणि अशा विसरलेल्या फळांतून नवे ओक उगवतात. पांढऱ्या ओकचे फळ शरद ऋतूतच रुजू लागते, म्हणून करड्या खारी ते पुरण्यापूर्वी त्यातील अंकुर कुरतडून टाकतात. तांबड्या ओकचे फळ वसंतापर्यंत सुप्त राहते, म्हणून ते तसेच पुरले जाते.

महाराष्ट्रात ओक नैसर्गिकरीत्या वाढत नाही. भारतात त्याच्या जाती मुख्यतः हिमालयात व ईशान्येकडे असून उत्तराखंडातील बांज ही त्यांपैकी सर्वपरिचित होय. दख्खनच्या पठारावर खार मात्र घराघराच्या आसपास दिसते. येथील हिवाळा सौम्य असल्याने बर्फाळ प्रदेशातील खारींप्रमाणे अन्न पुरून ठेवण्याची निकड तिला भासत नाही. कोरड्या दख्खनमध्ये टणक बी दूर नेण्याचे काम प्रामुख्याने खुरांचे प्राणी करतात.

दोन्ही संबंधांत एक मूलभूत फरक आहे. खार प्रत्यक्ष बीच खाते, म्हणजे ती मुळात ओकची शत्रू आहे आणि तिचा उपयोग तिच्या विस्मरणातून होतो. शेळीला बियांशी काही देणेघेणे नसते, तिला शेंगेचा गर हवा असतो. ओकचे बी खारीने न खाल्ल्यामुळे वाचते, तर बाभळीचे बी खाल्ले जाऊनही वाचते.

परिसर

दौंड व शिरूर हे शेजारी तालुके असून त्यांच्या दरम्यान भीमा नदी वाहते. शिरूरच्या उत्तर भागातून घोड नदी जाते. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असलेल्या या भागात वर्षाला सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातही मोठी अनिश्चितता असते. पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत, वरवंड, पाटस या गावांच्या पट्ट्यात कालव्याखालचे उसाचे मळे आणि मुरमाड माळ हे दोन्ही थोड्या अंतरावर आढळतात. नदीकाठच्या व ओढ्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत बाभूळ चांगली फोफावते. उथळ माळावर तिच्यापेक्षा तिची भावकी असलेला हिवर अधिक दिसतो. हिवराच्या शेंगाही शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात.

शेंग आणि बी

बाभळीला पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत पिवळ्या, गोंड्यासारख्या गोल फुलोऱ्यांचा बहर येतो. शेंगा मात्र सावकाश पक्व होतात आणि साधारणपणे एप्रिल ते जून या काळात झाडाखाली पडतात. शेंग चपटी, राखाडी व मखमली लव असलेली असून दोन बियांच्या मधोमध आवळलेली असते, त्यामुळे ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. एका शेंगेत सामान्यतः ८ ते १२ बिया असतात.

या शेंगेचे दोन गुणधर्म बीजप्रसाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे ती वाळल्यावर तडकत नाही. तुरीची किंवा गुलमोहराची शेंग उकलून बी मोकळे करते, पण बाभळीची शेंग बियांसह तशीच पडून राहते, म्हणजे ती कोणीतरी फोडावी लागते. दुसरा गुणधर्म म्हणजे तिचा हंगाम. एप्रिल-मे महिन्यांत माळावरचे गवत संपलेले असते, कडबा महाग झालेला असतो आणि जनावरांना प्रथिनांची सर्वाधिक उणीव असते. नेमक्या त्याच वेळी प्रथिनयुक्त शेंगांचा सडा झाडाखाली पडतो. मेंढपाळ आणि शेळ्या पाळणारी कुटुंबे या दिवसांत आपले कळप मुद्दाम बाभळींखाली नेतात किंवा फांद्या हलवून शेंगा पाडतात. शेंगांत टॅनिनचे प्रमाणही बरेच असते. इतर चाऱ्याबरोबर खाल्ल्यास त्यांचा त्रास होत नाही, मात्र केवळ शेंगांवर जनावरे ठेवणे हितकारक नसते.

बी तपकिरी-काळे, चपटे व अतिशय कठीण असते. त्याच्या बीजावरणातून पाणी सहज आत शिरत नाही, त्यामुळे ताजे बी ओल्या मातीत टाकले तरी त्यातील बरेचसे रुजत नाही आणि दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहू शकते. रोपवाटिकांत ही सुप्तावस्था मोडण्यासाठी बी उकळत्या पाण्यात टाकून थंड होऊ देतात किंवा त्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करतात. याहून जुनी आणि बिनखर्चाची रीत म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून बी गोळा करणे. भारतीय वनशास्त्रात ती फार पूर्वीपासून ज्ञात आहे.

रवंथ आणि बियांचा प्रवास

शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांचे जठर चार कप्प्यांचे असते. घाईने गिळलेला चारा पहिल्या मोठ्या कप्प्यात साठतो आणि जनावर निवांत बसले की तो पुन्हा तोंडात आणून बारीक चघळला जातो. बाभळीच्या शेंगेच्या बाबतीत बियांच्या तीन गती संभवतात. काही बिया दाढांखाली फुटतात आणि पचून जातात. काही बिया पूर्ण अन्नमार्गातून जाऊन लेंडीबरोबर किंवा शेणाबरोबर बाहेर पडतात. उरलेल्या बिया रवंथ करताना जिभेला कठीण लागल्यामुळे तोंडातून बाहेर टाकल्या जातात.

या तिसऱ्या मार्गाकडे संशोधकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. मोरोक्कोमधील आर्गन वृक्षांवर चढून फळे खाणाऱ्या शेळ्या छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध आहेत. त्या आर्गनच्या बिया लेंडीतून टाकतात असा सर्वसाधारण समज होता. २०१७ साली स्पेनमधील संशोधकांनी दाखवून दिले की शेळ्या मोठ्या बिया मुख्यतः रवंथ करताना थुंकून टाकतात आणि अशा बियांतील बऱ्याच जिवंत असतात. मेंढवाड्यात सकाळी लेंड्यांबरोबर स्वच्छ, गरविरहित बियांचे ढीग दिसतात, हे महाराष्ट्रातील मेंढपाळांच्या नित्य पाहण्यातले आहे.

पचनमार्गातील आम्ल व उष्णता यांमुळे बीजावरण मऊ होऊन अंकुरण सुधारते, असे सरसकट सांगितले जाते. हे विधान जपून स्वीकारावे लागते. परिणाम बियांच्या कठीणपणावर, जनावराच्या जातीवर आणि बी पोटात किती काळ राहिले यावर अवलंबून असतो. गाईगुरांच्या पोटातून बिया अधिक प्रमाणात सुखरूप बाहेर पडतात. शेळ्या-मेंढ्या अधिक बारीक चघळत असल्याने त्यांच्या पोटातून तुलनेने कमी बिया वाचतात. बीजावरणावरील संस्कारापेक्षा बी शेंगेतून मोकळे होणे, झाडापासून दूर जाणे आणि किडीपासून वाचणे हे लाभ बाभळीच्या दृष्टीने बहुधा अधिक मोलाचे आहेत.

भुंगेऱ्यांपासून बचाव

घरातील हरभरा, मूग, चवळी यांना ज्या कुळातील भुंगेरे लागतात, त्याच कुळातील काही जाती बाभळीच्या बियांवर जगतात. मादी शेंगेवर अंडी घालते, अळी शेंग पोखरून बियांत शिरते आणि आतला गर खाऊन प्रौढ भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर येतो. झाडाखाली अनेक आठवडे पडून राहिलेल्या शेंगांत छिद्र नसलेले बी शोधावे लागते.

शेंगा पडताच जनावरांनी खाल्ल्या, तर भुंगेऱ्यांच्या पुढच्या पिढीला त्यांवर अंडी घालण्याची संधी मिळत नाही. शिवाय बियांत नुकत्याच शिरलेल्या अळ्या जनावराच्या पोटात मरतात आणि अंकुराला इजा झालेली नसल्यास ते बी पुढे रुजू शकते. पूर्व आफ्रिकेत लँप्री, हॅलेवी आणि मकाचा यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाभूळवर्गीय वृक्ष, भुंगेरे आणि मोठे तृणभक्षी यांचा हा त्रिकोण मांडला होता. तेथे शेळीच्या जागी इम्पाला, गॅझेल आणि हत्ती असतात.

वाड्यातून बांधावर

वाड्यात पडलेले बी तेथेच रुजून वाढणे जवळजवळ अशक्य असते, कारण खुरांखाली कोवळा अंकुर टिकत नाही. येथे या संबंधात तिसरा घटक येतो, तो म्हणजे शेतकरी. शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत उत्तम मानले जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस वाड्यातील खत शेतात नेऊन पसरले जाते आणि त्याबरोबर हजारो बियाही जातात. दुसरी रीत शेतात मेंढ्या बसवण्याची आहे. कापणी झालेल्या रानात धनगर मेंढपाळ वाघर लावून कळप रात्रभर बसवतात. शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम मिळते. बी या व्यवहारात मोजले जात नाही, परंतु तेही शेतात पोहोचते.

पहिल्या पावसानंतर त्यातील बिया रुजतात. शेताच्या मधोमध उगवलेली रोपे कुळवणी आणि खुरपणीत निघून जातात. बांधाच्या कडेला, ताली-चरांच्या उतारावर आणि विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर जी उगवतात त्यांना कोणी हात लावत नाही. दख्खनच्या शेतांत बाभळी रांगेने बांधावर उभ्या दिसतात. त्या लावलेल्या असाव्यात असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच नांगराच्या फाळापासून वाचलेल्या असतात.

शेतकऱ्याने त्या राखल्याही. नांगर, कुळव, बैलगाडीची चाके, मोटेचे लाकूडसामान, कुंपणाचे काटे, सरपण, डिंक, दातवण आणि कातडी कमावण्यासाठी साल अशा अनेक गरजा बांधावरची बाभूळ भागवत असे. तिच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात, त्यामुळे तिच्या पाल्याखालची माती सुपीक राहते. पुणे परिसरात रामकाठी या नावाने ओळखला जाणारा, झाडूसारख्या उभट फांद्यांचा प्रकार सावली कमी धरतो. म्हणून तो बांधावर अधिक सोसला जातो.

रोपाचा शत्रू

बाभळीला बालपणी भरपूर प्रकाश लागतो. मूळ झाडाच्या सावलीत किंवा दाट गवतात तिचे रोप टिकत नाही, म्हणून बी दूर जाणे तिच्या हिताचे असते. रोप प्रथम सोटमूळ खोल नेते आणि नंतर उंची वाढवते. या काळात त्याचा सर्वांत मोठा धोका म्हणजे शेळी. शेळी मुख्यतः झाडपाला खाणारी आहे आणि मागच्या पायांवर उभी राहून ती बऱ्याच उंचीवरचा पाला ओढते. मेंढी गवताला प्राधान्य देते, त्यामुळे रोपांना तिचा उपद्रव कमी असतो. केवळ मेंढ्यांचा कळप आणि शेळ्यांचा मिश्र कळप यांचा परिणाम यामुळे वेगवेगळा होतो. मात्र धनगरांच्या कळपांत दुधासाठी काही शेळ्या बहुधा असतातच.

बाभळीचे काटे हे या धोक्यावरील उत्तर आहे. लहान झाडावर पानांच्या बुडाशी जोडीने येणारे सरळ, पांढरट व लांब काटे असतात. झाड जनावरांच्या तोंडापलीकडे वाढले की वरच्या फांद्यांवरील काटे आखूड होतात किंवा जवळजवळ नाहीसे होतात. काट्यांमुळे शेळी पाला खाणे थांबवत नाही, पण तिचा वेग कमी होतो आणि शेंडा वाचण्याची शक्यता वाढते.

वनखात्याच्या दृष्टीने या दुहेरी नात्याचा अर्थ असा की पेरणीसाठी शेळी उपयोगी आणि त्यानंतर काही वर्षे चराईबंदी आवश्यक. शेळी म्हणजे वनांचा नाश, हे सूत्र प्रशासकीय लिखाणात वारंवार येते, पण बाभळीच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. कळपांचे प्रमाण आणि माळाला मिळणारी विश्रांती यांवर शेळी पेरणारी ठरते की खाणारी हे अवलंबून असते.

पूर्वेतिहास

तडकत नसलेली, जमिनीवर पडणारी आणि पौष्टिक गर असलेली शेंग पाळीव शेळीच्या आगमनापूर्वीच विकसित झालेली आहे. दख्खनच्या माळांवर चिंकारा आणि काळवीट हे रवंथ करणारे वन्य प्राणी होते आणि काही ठिकाणी अजूनही आहेत. दौंड तालुक्याच्या दक्षिणेस, बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यासाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.१४ चौरस किलोमीटर आहे.

पाळीव जनावरांचा या प्रदेशातील वावरही प्राचीन आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील असून गाय-बैल, शेळी व मेंढी यांची हाडे तेथे सापडली आहेत. वस्तीच्या अखेरच्या टप्प्यात हवामान अधिक कोरडे होऊन लोक शेतीकडून शेळ्या-मेंढ्यांच्या अर्धभटक्या पालनाकडे वळले, असे मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. त्यावरून या नदीखोऱ्यांत शेळी आणि काटेरी झुडपे किमान तीन हजार वर्षे एकत्र नांदत आली आहेत असे म्हणता येते.

विलायती बाभळीचा शिरकाव

अमेरिका खंडातून आणलेली प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा ही वनस्पती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मराठीत तिला विलायती बाभूळ किंवा वेडी बाभूळ म्हणतात. (जुन्या वनस्पतिग्रंथांत वेडी बाभूळ हे नाव देशी बाभळीच्याच एका प्रकाराला दिलेले आढळते, त्यामुळे संदर्भ पाहून अर्थ घ्यावा लागतो.) तिच्या शेंगा देशी बाभळीपेक्षा गोड असतात आणि शेळ्या, मेंढ्या, गुरे, चिंकारा, काळवीट असे सर्वच प्राणी त्या खातात. तिचे बीही टणक आवरणात सुरक्षित असते.

फरक पाल्याचा आहे. देशी बाभूळ शेंग देते आणि पालाही गमावते. विलायती बाभळीचा पाला जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत, त्यामुळे तिची रोपे चराईच्या माळावर बिनधोक वाढतात. ज्या वाहकांना देशी बाभळीने कोवळ्या रोपांच्या रूपाने किंमत मोजली, तेच वाहक विलायती बाभळीला जवळजवळ फुकट मिळाले. अति चराई असलेल्या गायरानात देशी रोपे खाल्ली जातात आणि विलायती रोपे उरतात, म्हणजे कळप जितके जास्त तितका परक्या झाडाचा फायदा अधिक होतो. तोडल्यावर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते, त्यामुळे एकदा जम बसला की ती हटवणे कठीण जाते.

वन्य प्राणीही यातून सुटलेले नाहीत. गुजरातमधील वेळावदर राष्ट्रीय उद्यानात झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की नर काळवीट आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात आणि त्या ढिगांत विलायती बाभळीच्या बिया एकवटतात. मोकळ्या गवताळ रानावर जगणारा प्राणी अशा रीतीने त्या रानात झुडपांची बीजे टाकतो.

देशाबाहेरील बाभूळ

भारतातील ही देशी बाभूळ ऑस्ट्रेलियात परकी आहे. क्वीन्सलँड राज्यात ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सावली व चाऱ्यासाठी आणली गेली. तेथील गुरांनी शेंगा खाऊन शेणावाटे बिया पसरवल्या आणि मिचेल गवताची विस्तीर्ण कुरणे काटेरी झुडपांखाली गेली. १९९९ साली तिचा समावेश राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत करण्यात आला. मेंढ्यांऐवजी गुरे पाळण्याकडे वाढलेला कल हे या प्रसाराचे एक कारण मानले जाते, कारण गुरांच्या पोटातून बिया अधिक संख्येने जिवंत बाहेर पडतात. तेथे भारतातून नैसर्गिक शत्रूकीटक नेऊन सोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

सद्यस्थिती

दौंड व शिरूर तालुक्यांत या संबंधाचे तिन्ही घटक बदलले आहेत. मुठा उजव्या कालव्यामुळे आणि उपसा सिंचनामुळे माळाचा मोठा भाग उसाखाली आला असून पाटस येथे साखर कारखानाही आहे. बारमाही पिकांच्या शेतात उन्हाळी मेंढ्या बसवण्यास जागा उरत नाही. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारांमुळे बाभळीच्या लाकडाची शेतीतील गरज संपत आली आहे. बांध रुंद ठेवण्याऐवजी कोरून बारीक केले जातात आणि सावलीमुळे पीक कमी येते म्हणून त्यांवरची झाडे काढली जातात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना लटकणारी सुगरणीची घरटीही त्याबरोबर कमी होतात.

लेंडीखताला मात्र फळबागांसाठी मागणी असून ते ट्रकने दूरच्या तालुक्यांत विकले जाते. त्यातील बिया पूर्वी एखाद्या शिवारापुरत्या प्रवास करत, आता त्या जिल्ह्याबाहेरही जाऊ शकतात. डाळिंब वा द्राक्षाच्या बागेत पसरलेल्या खतातून पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या काटेरी रोपांत देशी आणि विलायती अशा दोन्ही बाभळी असू शकतात. रोप कोवळे असताना दोन्हींत फरक करणे अवघड जाते आणि खुरपणीत दोन्ही सारखीच उपटली जातात.